मुलाच्या पट्टीत गाणारा शिक्षक

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या दोन तालुक्यांत मुलाच्या संगीतशिक्षणाचा प्रारंभ कोणत्याही वर्गात नाव घालण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. अखंड हरिनाम सप्ताह, म्हणजे सात दिवस अहोरात्र वीणा खाली न ठेवता चालणारा नामजप व त्याच्या जोडीने काकडआरती, हरिपाठ, कीर्तन आणि जागर, हा येथील गावांच्या वार्षिक क्रमाचाच भाग आहे. तुकाराम महाराजांच्या गुरुपरंपरेशी जोडले गेलेले बाबाजी चैतन्यांचे समाधिस्थान ओतूर आणि ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले अशी कथा सांगितली जाते त्या रेड्याची समाधी असलेले आळे ही दोन्ही गावे जुन्नर तालुक्यातच आहेत; दक्षिणेला लागून असलेल्या खेड तालुक्यात आळंदी आहे. हरिपाठाला टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकाला उभे राहून मोठ्यांची पावली पाहत पाय टाकणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्रा म्हणजे काय हे ठाऊक नसते, पण आठ मात्रांचा भजनी ठेका त्याच्या पावलांत उतरलेला असतो आणि सम कोठे येते हे त्याचा टाळ अचूक सांगतो.

याच मुलखातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. यात्रांच्या हंगामाआधी तेथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन तमाशाची सुपारी देतात, आणि भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या घराण्यात वाढलेल्या विठाबाई नारायणगावकर (1935–2002) यांच्या नावाने राज्य शासन तमाशातील ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. पश्चिमेकडे भीमाशंकर आणि माळशेजच्या डोंगररांगांत, भातशेतीच्या पट्ट्यात, महादेव कोळी वस्त्यांवर लग्नाची व लावणीच्या कामाची गाणी बायकांच्या तोंडी असतात. इतका समृद्ध ऐकीव वारसा असलेल्या प्रदेशात मंचर, नारायणगाव, जुन्नर, ओतूर किंवा घोडेगाव येथील पालक जेव्हा मुलासाठी संगीतशिक्षक शोधू लागतो, तेव्हा त्याच्यापुढील अडचण संगीताच्या अभावाची नसते. आसपास गाणारे-वाजवणारे पुष्कळ असताना त्यांपैकी लहान मुलाला शिकवणारा कोण, हे ओळखण्याची ती अडचण असते.

उत्तम कलावंत हा उत्तम बालशिक्षक असेलच असे नाही, हे विधान सर्वमान्य असले तरी त्याचा व्यवहारातील अर्थ क्वचित तपासला जातो. मोठ्या विद्यार्थ्याला शिकवताना शिक्षक जे गातो ते महत्त्वाचे ठरते, कारण विद्यार्थी स्वतःचे ऐकून स्वतःला दुरुस्त करू शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे ही क्षमता अजून आलेली नसते, म्हणून त्याच्या बाबतीत शिक्षक काय ऐकतो हे अधिक महत्त्वाचे ठरते. याची पहिली आणि सर्वांत सोपी परीक्षा पट्टीची आहे. पट्टी म्हणजे पेटीवरील ज्या स्वराला षड्ज मानून गायचे ती जागा. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशा नावांनी ती ओळखली जाते. भजनी मंडळाची पट्टी सामान्यतः प्रौढ पुरुषांच्या चढ्या आवाजाला सोयीची म्हणून ठरलेली असते आणि वारकरी गायनात उंच स्वराला मानही आहे. त्याच पट्टीत लहान मुलाला बसवले की ते एक तर वरच्या स्वरांवर ओरडते, नाही तर खालच्या स्वरांवर पुटपुटते, आणि मग त्याला ‘सुरात नाही’ असा शिक्का बसतो. आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुरुष शिक्षकाचा स्वर मुलाच्या स्वराच्या एक सप्तक खाली असतो. मोठ्याला तो ‘तोच स्वर’ वाटतो, परंतु अनेक लहान मुले तो खोल आवाज शब्दशः पकडू पाहतात आणि कोठेच पोहोचत नाहीत. जाणता शिक्षक अशा वेळी पेटीवर मुलाच्या सप्तकातील स्वर देतो, किंवा वर्गातील एखाद्या सुरेल मुलीला आधी गायला सांगतो आणि तिच्या मागून इतरांना घेतो.

म्हणून पालकाने शिक्षकाच्या घरातील सन्मानचिन्हे पाहण्यापेक्षा त्याच्या वर्गात एकदा मागे बसावे. पहिल्या दहा मिनिटांतच बरेच कळते: शिक्षकाने प्रत्येक मुलाचा आवाज निदान एकदा स्वतंत्रपणे ऐकला का, पट्टी बदलण्याची तयारी दाखवली का, आणि चुकलेला स्वर सांगून सुधारला की गाऊन. ‘गंधार चढला’ एवढे म्हटल्याने सात वर्षांच्या मुलाला काहीच समजत नाही. तोच स्वर शिक्षकाने हळू आवाजात, शब्दाशिवाय, दोनदा गाऊन दाखवला तर ते आपोआप त्याकडे सरकते. पलटे, म्हणजे सारेग-रेगम अशा चढत्या-उतरत्या स्वरसमूहांचे सराव, हे सर्व पद्धतींत समान असले तरी ते कंटाळवाणी घोकंपट्टी होतात की कानाचा खेळ, हे सर्वस्वी शिकवणाऱ्यावर अवलंबून राहते. वर्गात पेटी सतत आणि मोठ्याने वाजत असेल तर सावध व्हावे. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला साथीचे वाद्य म्हणून दूर ठेवले होते. त्या बंदीमागील सगळी कारणे आज पटण्यासारखी नाहीत, भजन आणि नाट्यसंगीत यांच्या परंपरेने ती केव्हाच निकालात काढली. परंतु पेटीच्या स्थिर स्वरांवर रेलून गाणाऱ्या मुलाचा कान स्वतः स्वर धरायला उशिरा शिकतो, एवढा भाग वर्गापुरता खरा आहे. तंबोऱ्याच्या सुरावर, मग तो मोबाइलमधील का असेना, मुलांना काही वेळ पेटीशिवाय गायला लावणारा शिक्षक त्यांच्या कानावर विश्वास टाकत असतो.

गावात उपलब्ध असणाऱ्या शिक्षकांचे प्रकार एकमेकांपासून बरेच भिन्न आहेत. भजनी मंडळातील पेटीवादक किंवा मृदंगमणी हा सर्वांत जवळचा. त्याच्याकडे चाली भरपूर असतात, फीचा आग्रह कमी असतो आणि मूल त्याच्यासोबत लगेच प्रत्यक्ष कार्यक्रमात बसते, हा लाभ मोठ्या शहरांतील महागड्या वर्गांनाही सहज साधत नाही. मात्र त्याची शिकवण्याची रीत ‘बघ आणि वाजव’ अशी असते, आणि ज्या मुलाला बघून येत नाही ते मागे पडते. दुसरा प्रकार परीक्षा देववणाऱ्या वर्गांचा आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गुरुगृहात वर्षानुवर्षे राहून मिळणारी विद्या वेळापत्रक, पाठ्यपुस्तक व इयत्ता यांच्या चौकटीत आणली. त्याच काळात विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून मराठीत प्रसिद्ध केल्या. 1931 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. या चौकटीने संगीत जातीच्या व घराण्याच्या उंबरठ्याबाहेर काढले, मुलींना प्रतिष्ठेने शिकता आले, आणि कोणत्या वर्षी काय यावे याचा काही एक हिशेब तयार झाला. हे उपकार लहान नाहीत.

परंतु दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या ठरावीक परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून या शिडीचा उपयोग बदलला आहे. मूल दहावीला पोहोचेपर्यंत अमुक परीक्षा ‘काढून’ घ्याव्यात अशा बेताने सातव्या-आठव्या वर्षी त्याला वर्गात घातले जाते आणि शिक्षकही सत्रागणिक अभ्यासक्रम उरकतो. भूप किंवा दुर्गा यांसारखा पाच स्वरांचा राग लहान मुलाला सुरुवातीस योग्यच, पण तो महिनाभर निरनिराळ्या गाण्यांतून कानात मुरण्याऐवजी आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि एक छोटा ख्याल एवढ्या पाठांतरात संपतो. ज्या वर्गाच्या फलकावर केवळ निकालाची टक्केवारी रंगवलेली असते तेथे मुलांना गाताना ऐकण्याचा आग्रह पालकाने जरूर धरावा. परीक्षेला बसवूच नये असे यातून निघत नाही. दोन परीक्षांच्या मध्ये एखादे वर्ष मोकळे ठेवू देणारा शिक्षक मिळाला तर तो बहुधा परीक्षाही चांगलीच देववतो.

वाद्यांच्या बाबतीत वय आणि शरीर यांचा विचार अधिक काटेकोर हवा. वारकरी कुटुंबांत मुलाला पखवाज शिकवण्याची हौस मोठी असते. डाव्या तोंडाला कणीक लावून खर्जाचा नाद मिळवणारे हे आडवे, लांब वाद्य सहा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही हातांच्या आवाक्यात नसते. ते खांदे उचलून, मनगट ताठ करून वाजवू लागते आणि ही सवय नंतर सोडवताना दुप्पट श्रम पडतात. समंजस मृदंगशिक्षक अशा मुलाला लहान आकाराचे वाद्य देतो, किंवा काही महिने नुसते बोल तोंडाने म्हणवून व हाताने टाळी धरवून घेतो, आणि ही पढंत, म्हणजे बोलांचे तालबद्ध उच्चारण, हेच खरे शिक्षण आहे हे पालकाला पटवून देतो. पेटीचा भाता डाव्या हाताने हलवत उजव्या हाताची बोटे चालवणेही फार लहान मुलाला जड जाते. मोठ्या, खर्जाच्या बासरीची छिद्रे त्याच्या बोटांनी झाकली जात नाहीत, म्हणून आखूड बासरीपासून आरंभ करावा लागतो. ‘वाद्य आधी विकत घ्या, मग बघू’ असे म्हणणारा शिक्षक, विशेषतः तोच दुकानाचा पत्ताही देत असेल तर, टाळलेला बरा.

मुलगे बारा-चौदा वर्षांचे झाले की आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढते, पट्टी खाली येते आणि काही महिने गळ्यावर ताबा राहत नाही. या काळात शिक्षकाने पट्टी उतरवावी, गायनाचा वेळ कमी करावा, ऐकण्यावर व तालावर भर द्यावा, हे साधे शहाणपण; परंतु ज्या मुलाचे बालकीर्तनकार म्हणून नाव झाले आहे, ज्याच्या तारखा सप्ताहांसाठी आगाऊ ठरल्या आहेत, त्याच्या बाबतीत हे शहाणपण कोणालाच परवडत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या बालकीर्तनांच्या चित्रफितींनी या भागात कौतुकाबरोबर एक घाईही आणली आहे. 2009 मध्ये ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ या दूरचित्रवाणी स्पर्धेची विजेती ठरलेली कार्तिकी गायकवाड आळंदीची, आणि त्यानंतर आपले मूलही असेच टीव्हीवर दिसावे असे वाटणाऱ्या पालकांची संख्या आजूबाजूच्या तालुक्यांत वाढणे स्वाभाविक होते. त्या स्पर्धेने पडद्यावर गाणी दाखवली. कार्तिकीला वडील कल्याणजी गायकवाड यांच्याकडून आणि त्याच पर्वातील आर्या आंबेकरला आई श्रुती आंबेकर यांच्याकडून घरात रोज मिळणारी तालीम दाखवणे त्या माध्यमाच्या स्वभावात नव्हते. आठवड्यातून दोन तासांच्या वर्गावर तसल्याच फळाची अपेक्षा ठेवणारा पालक शिक्षकाला नकळत त्या वाटेवर ढकलतो, जिथे दोन गाणी घोटून घेऊन स्नेहसंमेलन गाजवले जाते आणि तिसरे गाणे मुलाला स्वतःच्या बळावर बसवता येत नाही.

आळंदीचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. विष्णुबुवा जोग यांनी 1917 साली तेथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिने कीर्तनकारांच्या अनेक पिढ्या घडवल्या. पुढे तिच्या आदर्शाने तेथे लहान-मोठ्या अनेक खासगी निवासी संस्था उभ्या राहिल्या, आणि जुन्नर-आंबेगावातील काही कुटुंबे मुलांना गायन, मृदंग व संतवाङ्मय यांच्या अभ्यासासाठी तेथे ठेवतात. अलीकडच्या वर्षांत अशा काही खासगी निवासी ठिकाणी मुलांवरील अत्याचाराचे गुन्हे नोंदले गेले. शिक्षक साधू वृत्तीचा आहे किंवा ओळखीचा आहे, एवढ्यावर मुलाला घराबाहेर ठेवणे त्यानंतर तरी थांबायला हवे. संस्था नोंदणीकृत आहे का, मुलांची झोपण्याची व्यवस्था कोठे व कोणाच्या देखरेखीखाली आहे, पालकाला पूर्वसूचनेशिवाय मुलाला भेटता येते का, मुलाला घरी फोन करण्याची मोकळीक आहे का, हे प्रश्न विचारताना संकोच वाटू नये, आणि ते विचारल्याने रागावणारी संस्था निवडू नये. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा गावातील शिकवणीलाही लागू आहे. दार उघडे ठेवून शिकवणारा, पालकाला बसू देणारा शिक्षक यात काही कमीपणा मानत नाही. छडी, कान पिळणे, सर्वांसमोर नक्कल करणे यांना ‘जुनी शिस्त’ म्हणून खपवून घेण्याची रीत अद्याप पूर्ण गेलेली नाही. भेदरलेले मूल श्वास आवळते आणि आवळलेल्या श्वासावर स्वर ठरत नाही, एवढे शारीरिक कारणही तिच्याविरुद्ध पुरेसे आहे.

संगीतशिक्षणाच्या बाबतीत शाळांकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले आहे, म्हणजे ज्या वयात कान सर्वाधिक ग्रहणशील असतो त्या प्राथमिक वर्गांना तो हक्कही नाही, आणि डोंगराकडील लहान पटाच्या शाळा तर शंभरच्या अटीतच अडकतात. तेथे परिपाठाची प्रार्थना गाऊन घेणारी वर्गशिक्षिका हीच मुलांची संगीतशिक्षिका असते. ती प्रशिक्षित नसली तरी सुरेल असेल, मुलांच्या पट्टीत गात असेल आणि रोज दहा मिनिटे न चुकता गात असेल, तर तालुक्याच्या गावच्या अनेक वर्गांपेक्षा तिच्याकडून होणारा संस्कार खोल असतो.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांचा विचार येथे उपयोगी पडतो. 1905 च्या सुमारास त्यांनी आणि बेला बार्टोक यांनी खेड्यापाड्यांतून लोकगीते गोळा करायला सुरुवात केली. पुढे कोडाय यांनी असा आग्रह धरला की मुलाचे पहिले संगीत त्याच्या मातृभाषेतील लोकगीतांतून यावे आणि वाद्याच्या आधी गळा यावा. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी पट्ट्यातून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला, परंतु त्याचा आणि संगीतवर्गाचा संबंध जवळजवळ आलाच नाही. जुन्नरच्या पश्चिम भागातील मुलीला आजीच्या ओवीची तीन-चार स्वरांत फिरणारी चाल येत असते. तीच चाल सरगममध्ये म्हणून दाखवणारा शिक्षक पहिल्याच दिवशी तिच्या हाती स्वरांची ओळख देतो, आणि तिच्या आजीचे गाणे हेही संगीतच आहे हे तिला कळते. शिक्षक निवडताना ‘मुलाला आधीपासून काय येते’ असे तो विचारतो का, हे पाहण्यासारखे आहे. हरिपाठ येतो म्हटल्यावर ‘ते सोडा, आपण सा पासून सुरू करू’ म्हणणारा शिक्षक हातची शिदोरी फेकून देतो.

याच संदर्भात नारायणगावच्या तमाशा कलावंतांचा प्रश्न उरतो, आणि तो अवघड आहे. ढोलकीवादकाला लयीचे जे भान असते, गाणारीच्या श्वासाबरोबर ठेका सैल वा घट्ट करण्याची जी समज असते, ती शिकवणीच्या वर्गांत दुर्मीळ आहे. हंगाम संपल्यावर पावसाळ्यात यांतील पुष्कळ कलावंत रिकामे असतात. तरीही यात्रेला फडावर पैसे उधळणारे घर आपल्या मुलाला ढोलकी शिकायला त्यांच्या दारी पाठवत नाही. कारण जातीचे आहे आणि प्रतिष्ठेचे आहे, ते कौशल्याचे नाही, हे स्पष्टपणे मांडायला हवे. विठाबाईंना मिळालेले शिक्षण फडावरच, आई-बापांच्या व काकांच्या पिढीकडून मिळाले. तसे शिक्षण आज एखाद्या शाळेच्या ओसरीवर, आठवड्यातून एकदा, योग्य मानधन देऊन सर्व जातींच्या मुलांपर्यंत नेणे फार खर्चाचे नाही. अर्थात पट्टीची, धीराची आणि सुरक्षिततेची कसोटी त्या कलावंतालाही तितकीच लागू राहील.

अंतराचा आणि वेळेचा प्रश्न ग्रामीण पालकाला शहरी पालकापेक्षा अधिक सतावतो. जुन्नर वनविभागातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर इतका वाढला आहे की हिवाळ्यात दिवस मावळल्यावर वाडीवरच्या मुलाला सायकलवर वर्गाला पाठवणे कोणालाही नको वाटते. त्यामुळे चांगला पण दूरचा शिक्षक आणि बरा पण वस्तीजवळचा शिक्षक यांत लहान वयात दुसऱ्याची निवड पुष्कळदा योग्य ठरते, कारण त्याच्याकडे आठवड्यातून तीनदा जाता येते. सात वर्षांच्या मुलाला लांबचा एक दीर्घ तास जेवढे देत नाही तेवढे वीस-पंचवीस मिनिटांचे तीन जवळचे तास देतात. वयाच्या दहा-बारा वर्षांनंतर हे गणित उलटते. तेव्हा ‘माझ्याकडचे संपले, आता याला पुण्याला दाखवा’ असे स्वतःहून सांगणारा स्थानिक शिक्षक भेटला तर त्याचे म्हणणे ताबडतोब मानावे. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी 1911 मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आहे, विनायकबुवा पटवर्धन यांनी 1932 मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय आहे. मंचरहून साठ-पासष्ट किलोमीटर आणि त्यात चाकणची कोंडी, म्हणजे रविवारचा अख्खा दिवस. काही कुटुंबे महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष आणि मधल्या आठवड्यांत मोबाइलवर अशी सोय करतात. मोबाइलवर आवाज पोहोचण्यास क्षणाचा विलंब लागतो, त्यामुळे शिक्षक व विद्यार्थी एकत्र गाऊ शकत नाहीत. शिक्षकाने एक ओळ गायची, थांबायचे, मग मुलाने गायची, ही रीत गायनाला चालते. पखवाज-तबल्याच्या हाताला ती अपुरी पडते, कारण बोट शाईच्या कडेला पडते की मध्ये, हे त्या लहान पडद्यावर नीट दिसत नाही. त्यासाठी गावातल्या जुन्या मृदंगशिक्षकाकडे आठवड्यातून एकदा हात दाखवायला जाणे चालूच ठेवावे लागते, आणि पुण्याच्या नव्या गुरूला तसे आधी सांगून ठेवलेले बरे.